दुमजली पाव आणि तांबडा गहू

एका गोल पावाच्या डोक्यावर दुसरा लहान पाव बसवलेला. भाजताना वरचा पाव कधी कलतो, कधी घसरून पडतो, आणि पडला की करणारीचा हात अजून बसलेला नाही असं समजायचं. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या मध्यभागी मेनोनाइट पंथाच्या लोकांनी वसवलेली काही छोटी गावं आहेत. तिथल्या घरांत हा दुमजली पाव पिढ्यान्‌पिढ्या दर शनिवारी भाजला जायचा. त्याचं नाव झ्वीबाक. सामान अगदी साधं : दूध, लोणी, थोडी डुकराची चरबी, यीस्ट, मीठ आणि पीठ. जर्मनीत याच शब्दाचा अर्थ दोनदा भाजलेला टोस्ट असा होतो. इथे मात्र एकावर एक दोन पाव म्हणून झ्वीबाक. अर्थात पहिला अर्थही वाया गेलेला नाही. उरलेले पाव मंद आचेवर पुन्हा भाजून खडखडीत वाळवले की महिनोन्‌महिने टिकतात आणि कॉफीत बुडवून खाता येतात. १८७४ साली जे लोक इथे आले ते असे वाळवलेले पाव पोत्यांत भरून घेऊन निघाले होते. आपल्याकडे लांबच्या प्रवासाला दशम्या बांधून देतात, तशीच ही शिदोरी. फक्त प्रवास एका खंडातून दुसऱ्या खंडात जाण्याचा होता.

मी हा पाव पहिल्यांदा खाल्ला तो २०१३ साली. माझी मुलगी आणि जावई तेव्हा न्यूटन या गावी राहत होते आणि मी मार्च ते ऑगस्ट असे सहा महिने त्यांच्याकडे होते. शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवल्यामुळे जाईन तिथे जुनं काय आहे हे विचारत बसायची मला सवय. शेजारी शहाऐंशी वर्षांच्या एक बाई एकट्या राहत. मी त्यांना मनातल्या मनात मावशी म्हणत असे, इथेही तेच म्हणते. मावशींचं मूळ गाव गोसेल, न्यूटनच्या उत्तरेला चौदा-पंधरा मैलांवर. वस्ती पाचशे-साडेपाचशे. एक मुख्य रस्ता, धान्य साठवण्याचे उंच पांढरे मनोरे, एक शाळा, आणि सभोवती नजर पोचेल तिथपर्यंत सपाट जमीन. प्रेअरी म्हणतात ती हीच. एके काळी इथे माणसाच्या छातीला लागेल असं गवत होतं, आता गहू आहे. मार्चमध्ये तो हिरवागार, वीतभर उंच होता. मला वाटलं नुकताच पेरलाय. मावशी म्हणाल्या, "छे! तो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच पेरतात. उगवतो, मग सगळा हिवाळा बर्फाखाली झोपतो आणि आता जागा झालाय. जूनमध्ये कापणी."

हे लोक मुळातले जर्मन नाहीत आणि रशियनही नाहीत. सोळाव्या शतकात नेदरलँड्स आणि आसपासच्या प्रदेशात हा ख्रिस्ती पंथ उभा राहिला. मेनो सायमन्स हा त्यांचा एक पुढारी, त्याच्यावरून मेनोनाइट. लहान मुलाला नव्हे तर जाणत्या माणसालाच बाप्तिस्मा द्यायचा आणि हातात शस्त्र धरायचं नाही, या दोन गोष्टींवर त्यांचा कटाक्ष. दोन्ही गोष्टी राजांना आणि धर्मगुरूंना नको असलेल्या. छळ झाला, तेव्हा पुष्कळजण पूर्वेकडे सरकले. आज पोलंडमध्ये असलेल्या व्हिस्चुला नदीच्या दलदलीच्या मुखाशी त्यांनी बांध घालून शेती केली. तिथे दोन-अडीच शतकं गेली, आणि त्यांची बोली झाली प्लाउटडीच, म्हणजे सखल प्रदेशातली जर्मन. मग तिथेही सैन्यभरतीवरून आणि जमीन घेण्यावरून जाच सुरू झाला. तेव्हा रशियाच्या सम्राज्ञी कॅथरीनने दक्षिणेकडच्या नव्याने जिंकलेल्या गवताळ प्रदेशात, म्हणजे आजच्या युक्रेनमध्ये, त्यांना जमीन आणि लष्करी सेवेतून कायमची सूट देऊ केली. १८०४ पासून मोलोच्ना नदीकाठी त्यांची गावं वसली. त्यांतलं एक अलेक्झांडरवोल, १८२१ चं. रस्त्यात झार पहिला अलेक्झांडर भेटला आणि त्याने शुभचिंतन केलं म्हणून हे नाव, असं सांगतात.

कायमची सूट सत्तर वर्षं टिकली. दुसऱ्या अलेक्झांडरने १८७० च्या दशकात सगळ्यांना सारखे कायदे लावायला घेतले आणि १८७४ मध्ये सक्तीची लष्करी सेवा आली. मेनोनाइटांनी आदल्या वर्षीच बारा प्रतिनिधी अमेरिका-कॅनडा पाहायला धाडले होते. कॅन्सस राज्याने १८७४ मध्ये कायदा करून धर्माच्या कारणाने शस्त्र न धरणाऱ्यांना राज्याच्या लष्करी सेवेतून मोकळं केलं. राज्याला एवढी आस्था का वाटावी? राज्याला नव्हे, रेल्वेला वाटत होती. सांता फे रेल्वेला सरकारकडून रुळांच्या दोन्ही बाजूंनी मिळून सुमारे तीस लाख एकर जमीन मिळाली होती. ती विकल्याशिवाय पैसा नाही आणि शेतकरी आल्याशिवाय वाहून न्यायला माल नाही. रेल्वेने सी. बी. श्मिट नावाचा जर्मन बोलणारा माणूस मुद्दाम याच कामावर नेमला होता.

अलेक्झांडरवोलची जवळजवळ सगळी मंडळी, सुमारे आठशे माणसं, त्या उन्हाळ्यात निघाली. ‘किंब्रिया’ आणि ‘टॉयटोनिया’ या दोन जहाजांनी ती ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला न्यूयॉर्कला उतरली. कॅन्ससवर नेमकी त्याच उन्हाळ्यात टोळधाड आली होती. जुलै-ऑगस्टमध्ये टोळांनी मका, भाजीपाला, झाडांची पानं सगळं फस्त केलं, आणि आधीचे कित्येक वसाहतवाले गाशा गुंडाळून परत चालले होते. अशा वेळी रोख पैसे घेऊन आलेले शेतकरी म्हणजे रेल्वेला लक्ष्मीच दारात आल्यासारखं झालं. रेल्वेने त्यांच्यासाठी लांबच लांब लाकडी घरं बांधून दिली. पहिला हिवाळा अनेक कुटुंबांनी त्या एकेका घरात मध्ये पडदे लावून काढला.

तशा घराची प्रतिकृती गोसेलच्या संग्रहालयात आहे. मावशींनी मला तिथे नेलं. मी अर्थातच आधी चूल पाहिली. झाडं नसलेल्या मुलखात जळण कसलं? हे लोक युक्रेनमध्ये असतानाच विटांच्या मोठ्या भट्ट्या बांधत. त्यांत गवताचे आणि पेंढ्याचे भारे घालत, आणि शेणात पेंढा कालवून केलेल्या, वाळवलेल्या विटा जाळत. तेच इथेही केलं. मी मावशींना म्हटलं, "आमच्याकडे याला गोवऱ्या म्हणतात." त्यांनी तो शब्द दोन-तीनदा म्हणून पाहिला, जमला नाही. त्याच संग्रहालयात गव्हाच्या काडांची विणलेली एक भली मोठी घंटा आहे, फिलाडेल्फियाच्या प्रसिद्ध लिबर्टी बेलच्या मापाची. १९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली तेव्हा ती केली. आणि अंगणात पडलेले दगडी रूळ, सात दातांचे, घोड्यामागे ओढून मळणी करण्याचे. मळणी यंत्रं लवकरच आली आणि हे दगड तसेच कोपऱ्याला पडले. न्यूटनजवळच्या बेथेल कॉलेजने पुढे हा दगड आपली खूण म्हणून घेतला.

गावाच्या नावाचीही गंमत आहे. गोसेल हा मेनोनाइट नव्हता आणि कॅन्ससला तो कधी राहिलेलाही नाही. ‘एल्बे’ नावाचं जर्मन प्रवासी जहाज ३० जानेवारी १८९५ रोजी उत्तर समुद्रात दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊन बुडालं. कप्तान फॉन गोसेल जहाजाबरोबर गेला. त्याच सुमाराला इथे टपाल कचेरी मंजूर झाली होती आणि नाव हवं होतं. समुद्रापासून इतक्या दूर, जिथे धड तळंही नाही, तिथल्या गावाला बुडालेल्या कप्तानाचं नाव लागलं. वीस वर्षांपूर्वी स्वतः समुद्र ओलांडून आलेल्या लोकांना त्या बातमीने काय वाटलं असेल, याचा अंदाज करता येतो.

आता गव्हाकडे वळते, कारण मावशींचं दुखणं तिथे होतं.

कॅन्ससला गव्हाचं कोठार म्हणतात. तिथल्या प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असलेली गोष्ट अशी : १८७४ मध्ये रशियातून निघण्यापूर्वी मेनोनाइट घरांतल्या लहान मुलांना गव्हाच्या राशीपुढे बसवलं. त्यांनी एकेक टपोरा, तांबूस, निरोगी दाणा निवडून पेट्या-पोत्यांत भरला. तेच टर्की रेड नावाचं थंडीत तग धरणारं, कठीण दाण्याचं बियाणं कॅन्ससला आलं आणि राज्याचं भाग्य उजळलं. एका आठ वर्षांच्या मुलीने अडीच लाखांवर दाणे निवडले, असा आकडाही सांगतात. मावशींच्या घरात ही गोष्ट पुस्तकातून आलेली नव्हती. त्यांची आजी १८७४ मध्ये आठ वर्षांचीच होती, आणि आपण दिव्याच्या उजेडात दाणे निवडल्याचं ती सांगे. कशी बसले होते, बोटं कशी दुखली, भावाने मूठभर दाणे चावून खाल्ले म्हणून त्याला कसा मार बसला, सगळं. आजी गेली तेव्हा मावशी पंधरा-सोळा वर्षांच्या होत्या. म्हणजे ही ऐकीव माहिती असली तरी थेट तोंडून ऐकलेली.

इतिहासकारांनी मात्र पुढे कागद तपासले. जहाजावरच्या याद्यांत प्रवाशांची नावं आणि वयं आहेत, पेट्यांत काय होतं ते नाही. मुलांनी दाणे निवडल्याची गोष्ट छापून आली ती पुष्कळ वर्षांनी. पहिल्या काही वर्षांत अनेकांनी स्थानिक बियाणं विकत घेऊनच पेरलं. कठीण दाणा दगडी जात्यावर नीट दळला जात नसे, त्यामुळे गिरणीवाले तो घ्यायला नाखूश असत आणि भावही कमी मिळे. पोलादी रुळांच्या गिरण्या आल्यावर चित्र पालटलं. हॉलस्टेड आणि न्यूटनचा गिरणीमालक बर्नहार्ड वार्केन्टिन, तोही रशियातून आलेला मेनोनाइट, त्याने १८८० च्या दशकात तिकडून मोठ्या प्रमाणावर बियाणं मागवलं. पुढे सरकारी कृषितज्ज्ञ मार्क कार्लटन यांनी रशियात जाऊन १९०० च्या सुमाराला आणखी आणलं. पहिल्या महायुद्धापर्यंत कॅन्ससच्या शेतांत बहुतेक सगळीकडे हाच गहू होता. तेव्हा राज्य पालटलं ते गिरण्यांनी, रेल्वेने आणि वाघिणी भरून आलेल्या बियाण्याने, मुलांच्या मुठींनी नव्हे. वार्केन्टिन १९०८ मध्ये पश्चिम आशियाच्या सफरीवर असताना आगगाडीत एका सहप्रवाशाच्या पिस्तुलातून चुकून सुटलेल्या गोळीने गेला. गव्हाच्या या कहाणीत एवढा विचित्र मृत्यू दुसरा नाही, पण शाळेच्या पुस्तकात तो येत नाही.

मावशींना हे संशोधन माहीत होतं आणि ते त्यांना लागलं होतं. "म्हणजे माझी आजी खोटं बोलत होती का?" असं त्यांनी मला सरळ विचारलं. मी इतिहासाची शिक्षिका, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे.

मला जे वाटलं ते मी सांगितलं, आजही माझं मत तेच आहे. आठशे माणसं शेतीच करायला चालली आहेत, वर्षभराची शिदोरी बरोबर घेतली आहे, आणि त्यांनी बियाणं घेतलं नसेल हे मला पटत नाही. शेतकऱ्याच्या घरात बी निवडायला पोरं-म्हातारीच बसतात. आजीने दाणे निवडले असणार. पण आजीच्या पेटीतलं बी आजीच्या वडिलांच्या शेतापुरतं होतं, आणि त्याचा पाव आजीच्या घरापुरता. राज्याची गोष्ट निराळी. पुढच्या काळात कोणीतरी त्या दोन गोष्टी एकीला एक जोडल्या, कारण गिरणीमालकापेक्षा आठ वर्षांची मुलगी गोष्टीत शोभते. आजी खोटं बोलली नाही. तिच्या खऱ्यावर इतरांनी इमला चढवला.

मावशींचं समाधान झालं असं म्हणवत नाही. त्या म्हणाल्या, "तू फार सावध बोलतेस."

सावध असायला मला आणखी एक कारण होतं. ‘मोकळी, ओसाड प्रेअरी’ हा शब्दप्रयोग मी त्या सहा महिन्यांत फार ऐकला. जमीन मोकळी नव्हती, मोकळी केली होती. राज्याला ज्यांचं नाव आहे त्या कान्झा, म्हणजे कॉ, लोकांची शेवटची राखीव जमीन कौन्सिल ग्रोव्हला, गोसेलपासून पन्नास-पंचावन्न मैलांवर होती. १८७३ मध्ये सरकारने त्यांना तिथून उठवून दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात धाडलं. किंब्रिया आणि टॉयटोनिया आल्या त्या पुढच्याच वर्षी. स्वतः हाकलले गेलेले लोक दुसऱ्या हाकललेल्यांच्या शिकारीच्या रानावर येऊन बसले. बहुतेकांना ते कळलंही नसेल. व्यवहार रेल्वेशी झाला होता, कागद स्वच्छ होता. पण घराघरांतल्या आठवणींत टोळ आहेत, बर्फ आहे, कॉ लोक नाहीत.

स्वयंपाकघराची आठवणही अशीच, लख्ख आणि अर्धवट. मावशींच्या घरचा रविवार म्हणजे फास्पा. रविवारी चूल पेटवायची नाही, म्हणून दुपारी चारच्या सुमाराला शनिवारचे झ्वीबाक, चीज, थंड मांस, मुरंबा आणि कॉफी. कोणीही न सांगता यावं आणि बसावं. एरवीच्या दिवशी वेरेनिके : आपल्या करंजीच्या आकाराचे, आत कोरडं पनीर भरलेले, उकडून त्यावर साय घातलेली मांसाची ग्रेव्ही. बोर्श्ट म्हणजे बीटचं लाल सूप असं आपण वाचलेलं असतं. यांच्या बोर्श्टमध्ये बीट नाहीच, कोबी, बटाटा आणि शेपू. शेपू पाहून मला केवढा आनंद झाला! मूस म्हणजे सुक्या आलुबुखारांची आणि मनुकांची गार खीर. उन्हाळ्यात कलिंगड आणि त्याच्याबरोबर रोलकूखेन, म्हणजे तळलेल्या खुसखुशीत पट्ट्या. कलिंगड आणि तळण हा मेळ मला अजून कळलेला नाही, पण तिथे तो जेवणाच्या ताटात असतो. नव्या वर्षाच्या दिवशी मनुका घातलेले गुलगुले. नाताळात मिरीच्या नावाचे, बोराच्या बीएवढे छोटे बिस्किटाचे दाणे, बडीशेपेच्या वासाचे. ते खिशात भरून मुलं दिवसभर खातात.

या पदार्थांत त्या लोकांचा सगळा रस्ता आहे. पाव आणि बिस्किटं नेदरलँड्स-व्हिस्चुलाकडची, वेरेनिके आणि बोर्श्ट युक्रेनची. पण वेरेनिके शिकवले कोणी? मोलोच्नाच्या सधन मेनोनाइट घरांत युक्रेनी मोलकरणी आणि गडी असत. चुलीपाशी उभं राहून हे पदार्थ त्यांनीच घरात आणले असणार. मावशींना आपल्या सात पिढ्यांतल्या बायकांची नावं पाठ होती. त्यांत त्या युक्रेनी बाईचं नाव नाही. पदार्थ राहिला, नाव गेलं. आपल्या घरांतही कोणता पदार्थ कोणत्या स्वयंपाकीणबाईंनी आणला हे किती जणांना सांगता येईल?

भाषा तर त्यांनी डोळ्यांदेखत गमावली. १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली आणि जर्मन बोलणारे, वर युद्धाला नकार देणारे हे लोक एका रात्रीत संशयित ठरले. कॅन्ससमध्ये मेनोनाइटांच्या घरादारांना आणि चर्चना पिवळा रंग फासला गेला. काहींना जमावाने डांबर आणि पिसं फासली. सक्तीच्या भरतीत गेलेल्या पण गणवेश घालायला नकार देणाऱ्या तरुणांना फोर्ट रायलीजवळच्या कॅम्प फन्स्टनमध्ये ठेवलं. त्यांत मावशींचे वडील होते. त्यांनी तिथलं कधीच काही सांगितलं नाही. फक्त त्यांच्या आईने टपालाने पाठवलेले वाळवलेले झ्वीबाक छावणीत सगळ्यांना वाटले, एवढं सांगत. पुढच्या वीसएक वर्षांत शाळेतून आणि मग चर्चच्या प्रार्थनांतून जर्मन हटली. घरात आईवडील प्लाउटडीच बोलत, पण मुलांशी इंग्रजी. मावशींना ती समजत असे, बोलता येत नसे. त्यांच्या मुलांना समजतही नाही. त्यांच्या तोंडी आता त्या भाषेतले जे शब्द राहिलेत ते सगळे खाण्याचे.

मोलोच्नाला मागे राहिलेल्यांचं याहून वाईट झालं. क्रांती, यादवी आणि १९२१-२२ चा दुष्काळ. त्यांना अन्न पोचवण्यासाठी अमेरिकेतल्या मेनोनाइटांनी १९२० मध्ये एक मदत समिती स्थापन केली आणि १९२२ मध्ये त्याच जुन्या गावांत अन्नछत्रं उघडली. १९४३ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याबरोबर उरलेलेही निघाले आणि ती वसाहत संपली. तो भाग म्हणजे आजचा झापोरिझ्झिया प्रांत. २०२२ च्या रशियन आक्रमणात मोलोच्नाचा परिसर रशियाच्या ताब्यात गेला, तेव्हा मुलीने फोनवर सांगितलं की मावशींच्या चर्चने युक्रेनसाठी वेरेनिके विकून पैसे जमवले. मावशी तोवर राहिल्या नव्हत्या.

ही सारी गोष्ट माझ्या घरापाशी कशी पोचते तेही सांगायला हवं. १९६५-६६ च्या टंचाईत मी वाईला शाळेत होते. आमचं घर ज्वारी-बाजरीच्या भाकरीचं, गहू सणाला. बन्सी गव्हाची पोळी म्हणजे पाहुणे किंवा पुरणपोळी. त्या वर्षांत रेशनच्या दुकानात अमेरिकेचा तांबडा गहू आणि मिलो आला. १९६६ मध्ये देशाने जवळजवळ एक कोटी टन धान्य बाहेरून आणलं, त्यातलं बरंचसं अमेरिकेतून, पीएल-४८० नावाच्या कायद्याखाली. आई त्या गव्हाला रोज नावं ठेवी. पोळी गरम असताना बरी, गार झाली की वातड. लाटताना मागे आखडते. रंग काळपट. "ही पोळी आहे की चामडं," असं आजोबा म्हणत आणि दोन खात. १९७२ च्या दुष्काळात पुन्हा तेच. त्या गव्हाबद्दल लोक काय काय बोलत. गाजरगवत, ज्याला काँग्रेस गवत म्हणतात, तेही त्याच गव्हातून आलं हे तर सर्वतोमुखी झालेलं आहे. पुण्यात त्या गवताची नोंद १९५५ ची आणि पीएल-४८० चा भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ चा. १९५१ मध्येही अमेरिकेचा गहू आला होता, तेव्हा त्यातून आलं नसेलच असं नाही. पण आमचीही ‘आठ वर्षांची मुलगी’ आहे ती अशी.

कठीण तांबडा हिवाळी गहू पिकतो तो मुख्यतः कॅन्सस आणि आजूबाजूच्या मैदानी राज्यांत. त्याच्यात चिकटपणा भरपूर, म्हणून यीस्ट घातलेलं पीठ त्याने उंच उभं राहतं. झ्वीबाकचा वरचा मजला त्याच्याच बळावर टिकतो. पोळीला मात्र हाच चिकटपणा नको असतो. आईचा काही दोष नव्हता आणि गव्हाचाही नव्हता. गहू दुसऱ्याच स्वयंपाकघरासाठी घडलेला होता.

जुलैत एकदा मी मावशींच्या ओट्यावर त्यांच्याकडच्या पिठाच्या पोळ्या केल्या. कणिक तासभर जास्त भिजत ठेवली, तेलाचा हात जरा सढळ. बऱ्या झाल्या. त्या करता करता मी रेशनच्या गव्हाची गोष्ट सांगितली. त्या थोड्या ओशाळल्या, मग म्हणाल्या, "आमचे वडील गाडी भरून मनोऱ्यावर न्यायचे. पुढे कुठे जातो ते आम्हाला ठाऊक नसायचं."

मग मी त्यांना पुढचं सांगितलं, जे त्यांना खरंच माहीत नव्हतं. त्यांचा टर्की रेड जपानलाही गेला होता. तिथे दारुमा नावाच्या बुटक्या जपानी गव्हाचा फुल्ट्झ या अमेरिकी गव्हाशी संकर केला होता. त्या वाणाचा पुढे टर्की रेडशी संकर करून १९३५ मध्ये नोरिन-१० हे जेमतेम दोन फूट उंचीचं वाण तिथल्या शास्त्रज्ञांनी काढलं. बुटकेपणा दारुमाचा, पण टर्की रेड आईबापांपैकी एक. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये एस. सी. सॅमन या शास्त्रज्ञाने त्याचं बी अमेरिकेत पाठवलं. हा गृहस्थ पूर्वी कॅन्ससच्याच कृषी महाविद्यालयात शिकवत होता. तिथून ते ऑरव्हिल व्होगेल यांच्याकडे, मग मेक्सिकोत नॉर्मन बोर्लॉग यांच्याकडे. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोहून अठरा हजार टन बियाणं आणलं. त्या जातींतून निवडून कल्याण सोना हे वाण आलं, आणि रेशनच्या परदेशी गव्हाची गरज हळूहळू कमी झाली.

मावशींनी हात पुसले, फडताळातून पाककृतींच्या कार्डांचा पत्र्याचा डबा काढला आणि झ्वीबाकचं कार्ड शोधलं. आजीच्या हातचं, जुन्या जर्मन लिपीत. पिठाचं माप नव्हतंच, ‘मावेल तेवढं’ असं लिहिलेलं. कार्ड उलटं करून त्या म्हणाल्या, "ते तुमच्या गव्हाचं नाव इथे लिही, तुझ्या अक्षरांत." मी ‘कल्याण सोना’ लिहिलं. त्यांनी डोळ्यांजवळ धरून पाहिलं, वरची रेघ कोणत्या बाजूला ते विचारून घेतलं, आणि कार्ड परत डब्यात, होतं त्याच जागी ठेवलं.